शुक्रवारचं दुखणं

आमचे हाजी मक्केहून परत आले ते पांढरी टोपी, झमझमचं पाणी, खजुराचा पुडा आणि पायाला भिंगरी घेऊन. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीकडची मोरी उकरायला घेतली. मोरीला काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, “अहो, पाणी नीट जातंय.” म्हणाले, “अजून नीट जाईल.” संध्याकाळपर्यंत ते पाणी माझ्या मिरच्यांच्या वाफ्यात शिरलं होतं.

मग दारांवर संक्रांत आली. सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली, रंधा मारला, परत बसवली, आणि आता त्यातलं एकही नीट लागत नाही. दारं संपल्यावर सायकल. नदीवरच्या धक्क्यापर्यंत जायचं, होड्यांकडे बघायचं, परत यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. जेवायला बसले की उजवा हात भातात आणि डाव्या हाताची बोटं लोट्याच्या मानेवर वरखाली चालायची. भात थंड व्हायचा, माशावर माश्या बसायच्या. ती बोटं काय शोधत होती ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लग्न झाल्यापासून ती मी रबाबाच्या मानेवर बघत आलेय.

रबाब, म्हणजे त्यांचं ते तीन तारांचं, कमानीनं वाजवायचं वाद्य, होता आमच्या डोक्यावरच, तुळईला बांधलेला. मक्केत काबासमोर उभं राहून हाजींनी नेम केला होता, की यापुढे करमणुकीसाठी वाजवायचं नाही आणि बिदागी घेऊन वाजवायचं नाही. घरी आल्या आल्या त्यांनी तिन्ही तारा ढिल्या केल्या, घोडी काढून डबीत ठेवली आणि रबाब माझ्या सारोंगमध्ये गुंडाळून वर टांगला. नेम त्यांचा, अल्ला त्यांचा, मधे बोलणारी मी कोण. पण सारोंग माझा होता, तो तरी विचारून घ्यायचा.

दिवस पतंगांचे होते. भाताची कापणी झालेली, शेतं मोकळी, आणि गावातले सगळे रिकामटेकडे बाप्ये मोठमोठे पतंग उडवत बसलेले. आमच्या पतंगांच्या डोक्याला ताडाच्या पानाची कमान असते, वाऱ्यावर ती गुणगुणते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आभाळातून तो आवाज. मिटल्या दाराआडही यायचा, म्हणजे दारं मिटत असती तर. हाजी अंगणात उभे राहून वर बघायचे आणि दात-ओठ खायचे.

“तो तांबडा पतंग बेसूर आहे,” एकदा म्हणाले.

“पतंग आहे तो. त्याला सूर कुठला?”

“सगळ्याला असतो,” म्हणाले आणि सायकल काढून गेले.

मला विचाराल तर घरात एक माणूस असा फिरायला लागला की दुसऱ्याला एका जागी बसवत नाही. मी अंगण झाडायचे, झाडून झालं की पुन्हा झाडायचे. हातातून बश्या निसटायला लागल्या. रात्री छातीत काहीतरी येरझाऱ्या घालायचं, पाय आपोआप हलायचे. हे सगळं त्यांच्यामुळे, असं मी धरून चालले होते. नवरा खोकला की बायकोच्या घशात खवखवतं, तसलाच प्रकार.

नणंद मिनोह पलीकडच्याच घरात राहते. ती एक दिवस पायऱ्या चढून आली ती तक्रार घेऊनच.

“वहिनी, दादाला आवर. माझ्या कोंबड्यांचं खुराडं आज पुन्हा सरळ करून गेला. कोंबड्या बिचकल्यात, अंडं देईनात.”

“मग तिरकं ठेवतेसच कशाला?”

“घ्या. ह्याला बोलावं तर हिला मिरच्या झोंबतात.” ती पानाचा डबा ओढून बसली. “वाळलाय किती बघितलंस? सारोंगची गाठ कमरेवर राहत नाही. काल धक्क्यावर माझ्यादेखत सुटली.”

“तू बघितलंस कशाला?”

“सगळ्या धक्क्यानं बघितलं, वहिनी.”

हसू आलं मला. पण खरंच होतं ते. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते. रात्री कुशीवर वळले की हाडं फळीवर वाजायची. माझी आई म्हणायची, माणूस चालत चालत संपतो ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो चालत असतो. हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी मिरच्यांवरून भांडत होते.

शहरात नेलं दवाखान्यात. डॉक्टर सज्जन होता. छाती बघितली, रक्त घेतलं, फोटो काढला आणि म्हणाला, काही नाही, झोप येण्याच्या गोळ्या देतो. गोळी घेऊन हाजी झोपले. झोपेतही बोटं चालूच होती.

तेव्हा मी म्हाताऱ्या जाणत्याकडे, तोक देरामानकडे, गेले.

आमच्याकडे असं समजतात की माणूस जन्माला येताना आपला वारा घेऊन येतो. कुणाचा वारा मुठीत असतो, तो आखाड्यात जातो. कुणाचा बाहुल्यांच्या खेळात, कुणाचा गळ्यात. वाऱ्याला वाट मिळाली की माणूस खुशाल असतो, चार पोरं होतात, भांडतो, मरतो. वाट बंद झाली तर वारा आत कोंडतो आणि माणूस खात नाही, झोपत नाही, एका जागी टिकत नाही. डॉक्टरच्या नळीला तो ऐकू येत नाही. मग तोकसारखा जाणता माणूस बोलवायचा, आजाऱ्याला निजवायचं, भोवती वाद्यं धरायची आणि एकेक चाल वाजवून बघायची. ज्या चालीवर वारा उठेल ती त्याची. तो खेळून दमला की माणूस सुटतो.

देरामान म्हातारा पान कुटत बसला होता. दात नाहीत, पण जीभ आहे. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे रबाबवाल्यालाच रबाब लागलाय.”

“तेच तर.”

“आणि घरात दुसरं कुणी आजारी?”

“दुसरं कोण असणार? पोरं आपापल्या संसारात. घरात मी एकटी, आणि मी ठणठणीत आहे.”

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी त्याची सुपारी उचलून कातरायला घेतली होती, सगळी वाटी कातरून झाली होती.

“ठणठणीत,” तो म्हणाला. “बरं. पण तुझ्या नवऱ्यावर रबाब वाजवायचा कुणी? ह्या नदीकाठी चांगला वाजवणारा एकच, आणि तोच आडवा पडणार.”

“सनावी आहे की.”

“सनावी?” म्हाताऱ्यानं तोंड असं केलं की जणू त्याला कच्च्या फणसाचं साल चावायला दिलंय. “दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसं व्हायचं.”

सनावी हाजींचाच शिष्य. गोड पोरगा, म्हणजे आता चाळिशीचा. शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे. हाजी म्हणायचे, सनावी बस चालवतो तसाच रबाब वाजवतो: मधे कुणी उभं राहिलं तरी थांबत नाही. शिवाय त्याची रात्रीची पाळी. हे काम खरं तर रात्रीचं, पण सनावी रिकामा फक्त शुक्रवारी दुपारी. देरामान कुरकुरला, म्हणाला, दुपारी कुठला वारा येतोय, दुपारी वारासुद्धा झोपतो. शेवटी कबूल झाला.

हाजी कबूल होईनात.

“मी नेम केलाय. मी रबाबाला हात लावणार नाही.”

“तुला कोण हात लावायला सांगतंय?” देरामान त्यांच्याच पायरीवर बसून म्हणाला. दोघं लहानपणचे मित्र, म्हणून अरेतुरे. “तू आजारी. तू पडून राहायचंस. वाजवणारा सनावी.”

“सनावी वाजवणार आणि मी ऐकायचं? ह्यापेक्षा आजार बरा.”

“अहो,” मी म्हटलं, “तुमच्यासाठी नका करू. माझ्यासाठी करा. मला विधवा व्हायचं नाही.”

हे मी आवाज चढवून म्हणणार होते, पण आवाज चढला नाही. हाजींनी उठून अंगणातला नीट रचलेला नारळांचा ढीग मोडला आणि पुन्हा रचायला घेतला. ढीग रचता रचता म्हणाले, “ठीक आहे. शुक्रवारी.”

आता इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. माझं नाव सपियाह. लग्नाआधी मी माझ्या मावशीच्या मक योंगच्या, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकाच्या, मंडळीत होते. आमच्या ह्या खेळात राजाचं काम बाईच करते, आणि राजा मी होते. डोक्यावर मुकुट, हातात फाकलेल्या वेताची छडी, आणि आवाज खर्जातला, बाप्यासारखा. खेळ सुरू होण्याआधी राजानं रबाबाकडे तोंड करून जमिनीवर बसायचं असतं. रबाब पूर्वेच्या खांबाशी. तो आधी बोलतो, मग तिनं हात उचलायचे, मग गळा. ही सलामीची चाल इतकी संथ असते की नवख्याला वाटावं अजून काही सुरूच झालं नाही.

त्या मंडळीत रबाबावर जुसोह नावाचा एक पोरगा आला. माझा आवाज खालचा म्हणून त्यानं तारा उतरवून लावल्या. लोक म्हणायचे, वाजवतो झकास, पण सूर इतका खाली कशाला? त्याच्याशीच माझं लग्न झालं, तेच हे आमचे हाजी. पहिली मुलगी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोर रडतं, आणि एका घरात एकच वारा पुरे. बरोबरच होतं त्यांचं. मुकुट मावशीला परत दिला. ते गावोगाव वाजवत राहिले, मी भात रांधून वाट बघत राहिले. आता त्याचं काय. मुकुट डोक्याला टोचायचाच.

शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळे आले. मी सकाळपासून हळदीचा भात, लाह्या, पानविडा, मेणबत्ती, सगळं मांडून ठेवलं होतं. रबाब तुळईवरून काढला तो मिनोहनं. हाजी पाठ करून उभे राहिले. देरामाननं धूप केला. ढोलावर त्याचा भाऊ होता. तेतावाक, म्हणजे त्या दोन मोठ्या पितळी थाळ्या, चौकटीला टांगल्या, पण त्या वाजवणारा माणूस आलाच नाही. बायकोच्या भावाचा पतंग झाडात अडकला, तो काढायला गेला म्हणे.

“पियाह, तू बस,” देरामान म्हणाला. “तुला ठेका माहीत आहे.”

“मला खूप कामं आहेत.”

“नवऱ्याला बरं करण्यापेक्षा?”

बसले. गुडघे कुरकुरले. हातात ठोकणी घेतली.

हाजी चटईवर आडवे, अंगावर गळ्यापर्यंत बाटिकची चादर. सनावी रबाब लावायला बसला, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. त्यानं तारा चढवल्या. अजून चढवल्या. मग मेणाचा गोळा चिकटवला. रबाबाचं पोट गाईच्या पोटातल्या पातळ कातड्यानं मढवलेलं असतं, आणि त्यावर डावीकडे वरच्या बाजूला मेणाचा छोटा गोळा लावतात. आम्ही त्याला थान म्हणतो. जागा बोटभर चुकली की रबाब नाकात बोलतो. सनावीनं कमान ओढली आणि रबाब नाकात बोलला.

चादरीतून आवाज आला, “मेण.”

“आजाऱ्यानं बोलायचं नाही,” देरामान म्हणाला.

“मेण खाली आलंय.”

“गुरुजी, मी तुम्ही शिकवलंत तसंच लावलंय,” सनावी म्हणाला.

“मी तुला असं शिकवलं असेन तर माझा हज कबूल होऊ नये.”

मिनोह पदराआड हसली. देरामाननं भिंतीकडे बघत बिस्मिल्ला म्हटलं आणि ढोल सुरू झाला.

पहिली चाल योद्ध्याची. हाजी पडून. दुसरी बाहुल्यांच्या खेळाची. हाजींचा एक पाय चादरीखाली हलायला लागला. सगळे त्या पायाकडे बघायला लागले. देरामान पुढे सरकला, त्यानं लाह्या उधळल्या, ढोल वाढला, आणि हाजी म्हणाले, “मुंग्या आल्यात पायाला.” तिसरी चाल झाली, चौथी झाली. सनावीला घाम फुटला. ऊन खिडकीतून चटईवर आलं होतं, पतंग वर गुणगुणत होता, आणि माझ्या मनात एकच होतं: हे झालं नाही तर आता पुढे काय. पुढे काहीच नव्हतं. डॉक्टर झाला होता, तोक चालू होता. ह्यानंतर फक्त धक्का, सायकल, आणि एक दिवस सायकल एकटी सापडणार. मला रडायला येत होतं आणि ठेका सोडायचा नव्हता.

“सलामीची चाल घे,” देरामान सनावीला म्हणाला. “रबाबाकडे तोंड करून बसण्याची.”

“ती ह्यांची कशी असेल, तोक? ती गाणारणीची.”

“घे म्हटलं ना.”

सनावी सुरू झाला. मी पहिला ठोका दिला. लांब थांबून दुसरा दिला. तिसरा पडला नाही.

मला वाटत होतं, मी देतेय. ठोकणी हातात होती, पण हात तिकडे नव्हताच. तो माझ्या डोळ्यांसमोर उचललेला होता, मनगट वळलेलं, बोटं मागे झुकलेली, आणि ठोकणी त्या बोटांत वेताच्या छडीसारखी धरलेली. मी त्या हाताकडे बघत होते. सुरकुतलेला, हळदीनं पिवळा झालेला हात. दुसराही वर येत होता.

“वहिनी, ठोका,” मिनोह म्हणाली. “वहिनी?”

“तिला हाका मारू नकोस,” देरामान हळूच म्हणाला. “तिच्या हातातलं घे आणि तू वाजव.”

मी कधी पुढे सरकले ते आठवत नाही. रबाबासमोर बसले होते एवढं खरं. छातीत ते जे रोज येरझाऱ्या घालायचं ते एकदम उभं राहिलं आणि गळ्याशी आलं. मी तोंड उघडलं. आवाज जुन्या कडीसारखा करकरला, पण निघाला, खालून, जिथून पूर्वी निघायचा तिथूनच. आणि सनावीचा रबाब वर, उंच कुठेतरी. मला तिथं चढता येईना, त्याला खाली उतरता येईना. मावशी सांगायची, गाणारीण रबाबाकडे तोंड करून बसते ते मान द्यायला नव्हे, धरून चढायला. मी हात पुढे केला होता आणि धरायला काही नव्हतं. सूर अर्ध्यात अडकला. श्वास वर जाईना, खाली येईना. अंग थरथरायला लागलं, डोळ्यांपुढे काळोख आला. मला भीती वाटली. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

“थांबू नकोस सनावी,” देरामानचा आवाज फाटला होता. “वारा उठलाय तिचा. अर्ध्यावर सुटला तर बाई हातची जाईल.”

“मला तिचा सूर सापडत नाही, तोक.”

“तार उतरव,” कुणीतरी म्हणालं. “मधली. अजून. अरे अजून, गाढवा, तो राजा आहे, दासी नाही.”

हाजी उठून बसले होते. सनावीनं घाईघाईनं खुंटी पिळली, ती निसटली, तार सैल पडून लोंबकळली. रबाब गप्प झाला. ढोलही थांबला. हाजी गुडघ्यांवर रांगत आले, हात रबाबाकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. तो हात तसाच हवेत होता, माझा इकडे हवेत होता.

“देरामान,” ते म्हणाले, “माझा नेम आहे.”

“काय नेम आहे तुझा? नीट सांग.”

“करमणुकीसाठी नाही. बिदागीसाठी नाही.”

“मग बघ तिच्याकडे,” देरामान म्हणाला. “तिची करमणूक चाललीय असं वाटतंय तुला?”

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बघत होते, पण मला काही बोलता येत नव्हतं. तोंडावरून पाणी वाहत होतं. त्यांनी सनावीच्या मांडीवरून रबाब उचलला, बिस्मिल्ला म्हटलं, आणि अंगठ्यानं मेणाचा गोळा सरकवला. मग खुंट्या. एकदाही कान लावून बघितलं नाही. हात सवयीनं जिथं जायचा तिथं गेला, तिन्ही तारा उतरून पार खाली आल्या आणि तिथं थांबल्या. माझ्या सुरावर.

मी सोडून इतकी वर्षं झाली. मधे केवढ्या गाणारणी येऊन गेल्या, उंच गळ्याच्या, तरण्या. त्यांच्या तक्रारी माझ्या कानावर यायच्या, की जुसोह तारा चढवतच नाही, आम्हाला खाली यावं लागतं. मला वाटायचं, आडमुठा माणूस, सवय मोडत नाही.

ते वाजवायला लागले आणि मला धरायला मिळालं.

किती वेळ गायले ते मिनोहला विचारा, तिचे हात भरून आले. मुकुट नव्हता, छडी नव्हती. पाय दुखायचे ते दुखले नाहीत. शेवटी आपोआप आवाज संपला, हात खाली आले, आणि मी तिथंच चटईवर, हाजींसाठी अंथरलेल्या चटईवर, आडवी झाले. कुणीतरी त्यांचीच चादर माझ्या अंगावर घातली.

“रेड्याला आणि पखालीला,” देरामान पान जुळवत म्हणाला. “मी म्हटलं होतं. सुपारी कातरत होती तेव्हाच कळलं मला.”

“मग आधी बोलायचंत,” मिनोह म्हणाली.

“तिला? तुझी वहिनी कुणाचं ऐकते?”

त्या संध्याकाळी हाजींनी भात मागून घेतला, वर दुसऱ्यांदा घेतला. डावा हात मांडीवर गप्प होता. सगळे गेल्यावर म्हणाले, “पियाह, मी दुसऱ्यांच्या गावात जाऊन दुसऱ्यांची माणसं बरी करत होतो. आणि आजारी माणूस माझ्या घरात होतं.”

“मी कुठे आजारी होते?”

“मग आज काय होतं ते?”

मी म्हटलं, “ती दारं आधी नीट करा.”

रबाब पुन्हा तुळईवर गेला नाही. पूर्वेच्या खांबाशी, माझ्याच सारोंगमध्ये, उभा असतो. हाजींनी मशिदीत कुणाला विचारलं की नाही, मला माहीत नाही. नेम मात्र पक्का आहे. परवा मुख्याध्यापक शाळेच्या समारंभाला बोलवायला आले, चांगली बिदागी देतो म्हणाले. हाजींनी चहा पाजून परत पाठवलं. वाजवतात ते फक्त औषध म्हणून. शुक्रवारी नमाजानंतर माझ्या छातीत भरून येतं, मी सांगते, ते तारा उतरवतात. मिनोह हल्ली बुधवारपासूनच कुंपणावरून विचारते, “वहिनी, ह्या खेपेला कशानं आजारी पडणार आहेस?”

पण परवाच्या शुक्रवारी एक गोष्ट झाली. सकाळी उठले तर मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, अगदी चांगलं. अंगण एकदाच झाडलं. बशी एकही निसटली नाही. छातीत हात घालून बघितल्यासारखं बघितलं, आत सगळं निवांत, कुणी येरझाऱ्या घालत नव्हतं. इतक्या दिवसांचा साठलेला वारा खेळून खेळून दमला असावा. मी खूश झाले, आणि मग मला धस्स झालं.

हाजी नमाजाहून आले. टोपी काढून खुंटीला लावली. चटई अंथरली. रबाबाचा सारोंग सोडला, घोडी बसवली, मेण दोन बोटांत मऊ केलं, आणि बसून राहिले. कमान उचलली नाही. मी बरी असले तर ती करमणूक झाली. ते माझ्याकडे बघेनात, खिडकीतून पतंगांकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर वरखाली चालायला लागली होती.

मी ताट धुवायला घेतलं होतं ते ठेवलं. पदराला हात पुसले, त्यांच्यासमोर येऊन बसले आणि छातीवर हात दाबून धरला.

“अगं आई गं,” मी म्हटलं.

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मक्केला जाऊन आलेला माणूस, खोटं त्याला चालत नाही, आणि मला तर ते कधीच नीट जमलं नाही. राजाचं सोंग तेवढं जमायचं.

“फार दुखतंय?” त्यांनी विचारलं.

“फार.”

त्यांनी मेण लावलं, तार छेडून बघितली आणि कमान हातात घेतली.

“चेहऱ्यावरून जरा जास्तच दिसतंय,” ते म्हणाले. “आज दोन चाली वाजवाव्या लागतील.”

मग मी हात उचलले.